पायरीची उंची: गडेगावचा गिअरबॉक्स आणि मुंबईची दुमजली बस

१/
भंडाऱ्याहून महामार्गाने साकोलीच्या दिशेने निघाले की वाटेत गडेगाव लागते. धानाची शेते, तलाव आणि त्यांच्या शेजारी एक मोठा कारखाना. अशोक लेलँड कंपनीने तो १९८२ मध्ये उभारला. पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्यात त्यामुळे धातूचा आणखी एक धंदा रुजला: ट्रक आणि बस यांच्या गिअरबॉक्सचा.

२/
भंडाऱ्याच्या रस्त्यांवर दुमजली शहर बस नाही. तरीही मुंबईच्या डबल डेकरचा, विशेषतः खाली उतरलेल्या तळाच्या नव्या डबल डेकरचा इतिहास सांगायचा तर गडेगाव वगळता येत नाही. त्या बसचा तळ खाली यावा म्हणून अभियंत्यांना जे भाग वाटेतून दूर करावे लागले, त्यांपैकी एक भाग नेमका येथे घडतो. हा धागा त्या पायरीचा आहे, आणि ती पायरी कोणासाठी खाली आली याचाही.

३/
आधी पायरी पाहावी. कोणत्याही बसस्थानकावर हे दृश्य रोजचे आहे. नऊवारीतील एक म्हातारी एका हाताने दांडा धरते, दुसऱ्या हातातील पिशवी आधी वर ठेवते आणि मग गुडघ्यावर हात टेकून स्वतःला वर ओढते. मागचा कोणीतरी म्हणतो, ‘धर माय, हात दे.’ मदत मिळते, गाडी सुटते. पण मुळात मदत लागावी इतकी ती पायरी उंच का, हा प्रश्न त्या घाईत कोणी विचारत नाही.

४/
उत्तर गाडीच्या पोटात आहे. जुन्या पद्धतीची बस म्हणजे वस्तुतः ट्रकचाच सांगाडा. दोन लांब पोलादी तुळया, पुढे इंजिन, त्यामागे क्लच व गिअरबॉक्स, तेथून मागच्या चाकांपर्यंत गेलेला फिरता प्रोपेलर शाफ्ट आणि चाकांच्या मधोमध डिफरन्शियलचा गोल फुगवटा. एवढा संसार खाली मांडल्यावर त्याच्या वर फळी टाकायची आणि तिला तळ म्हणायचे. प्रवासी चढतो तो यंत्राच्या डोक्यावर.

५/
एकमजली बसला ही उंची परवडते, कारण वर आकाश मोकळे असते. दुमजली बसला आकाशही मोजून मिळते. झाडांच्या फांद्या, पूल, तारा, आणि त्यांच्यावर कायदा. भारतात दुमजली वाहनाची कमाल उंची ४.७५ मीटर धरलेली आहे. म्हणजे अभियंत्याच्या हाती उंचीचे एक ठराविक अंदाजपत्रक असते आणि त्यात दोन मजले बसवायचे असतात.

६/
हा हिशेब कोणालाही करता येतो. समजा, खालच्या मजल्यावर उभे राहण्यासाठी १.८ मीटर आणि वरच्या मजल्यावर १.७ मीटर दिले. झाले ३.५ मीटर. उरले १.२५ मीटर. यातच छप्पर, मधली जमीन, वातानुकूलनाच्या नळ्या आणि रस्त्यापासून तळापर्यंतची उंची बसली पाहिजे. तळ ०.९ मीटरवर ठेवला तर बाकी सर्वांसाठी केवळ ०.३५ मीटर उरतात. तळ ०.६५ वर आणला तर ०.६ मीटर. तळाचा प्रत्येक सेंटिमीटर वरच्या माणसाच्या डोक्यावरून कापला जातो.

७/
दुसरा हिशेब कलंडण्याचा. ब्रिटनमध्ये दुमजली बसची एक विख्यात कसोटी आहे. वरचा मजला पूर्ण भरायचा (माणसांऐवजी वजने ठेवून), खालचा मजला प्रवाशांविना ठेवायचा आणि गाडी एका बाजूला २८ अंशांपर्यंत कलती करायची. ती उलटता कामा नये. भूमितीच्या भाषेत: चाकांच्या बाह्य कडेपासून मध्यापर्यंत सुमारे १.१ मीटर अंतर असेल, तर २८ अंशांना टिकण्यासाठी गाडीचा गुरुत्वमध्य साधारण २ मीटरच्या खालीच राहिला पाहिजे. स्प्रिंग दबतात, टायर चेपतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही खाली.

८/
म्हणून तळ खाली आणण्याची धडपड फार जुनी आहे. मात्र तिची कारणे कोणत्या क्रमाने आली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. लंडनमध्ये १९२० पर्यंतच्या दुमजली मोटार बसना वर छप्पर नसे. पावसात वरचा प्रवासी भिजे. छप्पर घातले तर गाडीचा माथा जड होईल, ती कलंडेल, ही पोलीस खात्याची भीती होती आणि उंच, सरळ सांगाड्याच्या गाड्यांबाबत ती अगदीच निराधार नव्हती.

९/
१९२३ मध्ये एईसी कंपनीची ‘एनएस’ ही बस आली. तिच्या सांगाड्याच्या तुळया सरळ न ठेवता वाकवून खाली घेतल्या होत्या. तळ उतरला, गुरुत्वमध्य उतरला आणि १९२५ पासून लंडनमध्ये छप्पर घालण्यास परवानगी मिळू लागली. खालच्या मजल्यावर चढणाऱ्याला एक पायरी कमी झाली, हा त्याचा आनुषंगिक लाभ. हेतू होता वरच्याच्या डोक्यावर छप्पर आणण्याचा.

१०/
१९२७ मध्ये लेलँड कंपनीने ‘टायटन’ आणली. हे नाव लक्षात ठेवावे; ते पुढे भारतात येणार आहे. ब्रिटनमध्ये रेल्वेचे बुटके पूल जागोजाग होते. टायटनच्या बुटक्या आवृत्तीत वरच्या मजल्यावरील चालण्याची वाट मध्यभागी न ठेवता एका कडेला, खोलगट घळीसारखी केली. गाडीची उंची सुमारे १३ फुटांवर आली. किंमत खालच्या प्रवाशाने मोजली: त्या बाजूच्या आसनावरून उठताना घळीचा तळ त्याच्या डोक्याला लागे.

११/
ही डोकेफोड थांबवली ती १९४९ मध्ये प्रथम दिसलेल्या ब्रिस्टल ‘लोडेक्का’ने. तिची युक्ती यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य अभ्यासावी. मधोमध जाणारा प्रोपेलर शाफ्ट एका बाजूला सरकवला आणि मागचा आस मध्यभागी खाली वाकवला. त्यामुळे दोन चाकांच्या मधून जाणारी प्रवाशांची वाट आसावर चढून न जाता जवळजवळ सपाट राहिली. सारी गाडीच खाली बसली. तरीही मूळ प्रेरणा पुलाचीच होती, म्हाताऱ्या गुडघ्याची नव्हे.

१२/
मग १९५८ मध्ये लेलँडची ‘अटलांटियन’ उत्पादनात आली. तिने इंजिन उचलून गाडीच्या शेपटीला नेले. पुढचा भाग मोकळा झाला, दरवाजा चालकाशेजारी आला. १९६६ पासून ब्रिटनमध्ये दुमजली बस वाहकाविना, एकट्या चालकाने चालवण्यास मुभा मिळाली आणि या रचनेचे भाग्य उजळले. येथे प्रेरणा होती पगाराची बचत. पुन्हा एकदा, पायरीचा विचार दुसऱ्या कशाच्या तरी सावलीत झाला.

१३/
आता मुंबई. येथे दुमजली वाहनाची सवय बसच्याही आधीची. घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये, विजेची १९०७ मध्ये आणि दुमजली ट्राम १९२० मध्ये सुरू झाली. मोटार बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. दुमजली बस आली १९३७ मध्ये. समुद्राने तीन बाजूंनी आवळलेल्या, लांबट आणि अरुंद शहरात रस्त्याची लांबी वाढवता येत नव्हती. तेव्हा तेवढ्याच लांबीत दुप्पट माणसे बसवणे हा सरळ उपाय होता.

१४/
७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, हा सारा कारभार महानगरपालिकेकडे आला आणि बेस्ट उपक्रम जन्मला. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. तिची गर्दी बसने खांद्यावर घेतली. १९६७ मध्ये बेस्टने ट्रेलर पद्धतीची डबल डेकरही आणली: पुढे चालकाचा स्वतंत्र ट्रॅक्टर आणि मागे त्याला जोडलेला दुमजली डबा. इंजिन व गिअरबॉक्स ट्रॅक्टरमध्ये गेल्यामुळे डब्याच्या पोटात यंत्र उरले नाही.

१५/
याच काळात ‘टायटन’ने भारतीय कपडे चढवले. १९४८ मध्ये रघुनंदन सरन यांनी स्थापलेली मद्रासची अशोक मोटर्स १९५५ मध्ये ब्रिटिश लेलँडच्या भागीदारीने अशोक लेलँड झाली होती. १९६७ मध्ये तिने टायटन ही दुमजली बस भारतात आणली. मुंबईच्या लाल डबल डेकरचे जे रूप चित्रपटांतून घराघरांत पोहोचले, त्यात या घराण्याचा वाटा मोठा आहे.

१६/
त्या गाडीची पायरी कशी होती? मागे उघडा चौथरा असे. तो मागच्या आसाच्याही मागे लटकलेला असल्याने त्याखाली यंत्र नव्हते. म्हणून तो खाली ठेवता आला. धावत येऊन दांडा पकडणे शक्य झाले ते यामुळेच. पण चौथऱ्यावरून आत जायला पुन्हा चढ, आणि वरच्या मजल्याला अरुंद वळणाचा जिना. तरुणासाठी ती खेळण्याची जागा होती. चाकाच्या खुर्चीवरील माणसासाठी ती बस नव्हतीच. ती समोरून जाणारे एक लाल चित्र होती.

१७/
१९९० च्या दशकाच्या प्रारंभी बेस्टकडे सुमारे ९०० दुमजली गाड्या होत्या. मग उतरण लागली. प्रत्येक मजल्यासाठी एक, असे दोन वाहक लागत. देखभाल महाग होती. उड्डाणपूल आणि आकाशमार्गिका यांनी वाटा अडवल्या. १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीत, ४१५ क्रमांकाच्या मार्गावर, डिझेलवरील जुन्या पद्धतीची शेवटची डबल डेकर धावली. फुलांचे हार घालून लोकांनी तिला निरोप दिला. वरच्या मजल्यावरील अगदी पुढच्या आसनाच्या आठवणी त्या आठवड्यात शहरभर सांगितल्या गेल्या.

१८/
त्या आठवणी खऱ्या होत्या. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने आठवण कोण सांगतो आहे, हेही पाहायचे असते. जो कधी चढूच शकला नाही, त्याच्याजवळ त्या आसनाची आठवण असणार नाही. हार घालायला आलेल्या गर्दीत तो दिसणार नाही, छायाचित्रांत दिसणार नाही आणि म्हणून दस्तऐवजांतही दिसणार नाही. वाहनांचा इतिहास बहुधा चढलेल्यांनी लिहिलेला असतो.

१९/
न चढलेल्यांचा इतिहास कायद्यांत शोधावा लागतो. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाच्या ४४ व्या कलमात रेल्वेचे डबे, बस, जहाजे व विमाने सुलभ करण्याचा उल्लेख आला, तोही ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ या शर्तीसह. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ४१ व्या कलमात वाहतुकीच्या सुलभतेची जबाबदारी सरकारवर अधिक स्पष्ट शब्दांत टाकली. युरोपात याच्या आधीच, १९८० च्या दशकापासून, जर्मन कंपन्या पायरीविना चढता येईल अशा एकमजली बस बनवू लागल्या होत्या.

२०/
दुमजली बसला ते साधायला आणखी दशक लागले. ब्रिटनमध्ये १९९८ च्या सुमारास सखल तळाच्या डबल डेकर रस्त्यावर आल्या. सुरुवातीच्या गाड्यांत लीड्सच्या ऑप्टेअर कंपनीची ‘स्पेक्ट्रा’ होती. २००० मध्ये सुलभतेचे नियम झाले आणि १ जानेवारी २०१७ पासून तेथील सेवेतील दुमजली बसना ते पाळणे बंधनकारक ठरले. एनएस बस ते हा दिवस: साधारण ९० वर्षे. आधी छपरासाठी, मग पुलासाठी, मग पगारासाठी तळ उतरला. माणसाच्या गुडघ्यासाठी सर्वांत शेवटी.

२१/
ऑप्टेअरचा जन्मही सांगण्याजोगा आहे. लीड्समध्ये ‘रो’ नावाचा बसच्या बांधणीचा जुना कारखाना होता. पुढे तो ब्रिटिश लेलँडच्या ताब्यात आला आणि १९८४ मध्ये बंद झाला. काम गेलेल्या लोकांतील काहींनी स्थानिक शासनाच्या साहाय्याने १९८५ मध्ये त्याच जागी नवी कंपनी उभारली. तीच ऑप्टेअर. हातात कसब होते. बदलले ते फक्त दारावरचे नाव.

२२/
पुढे चक्र उलटे फिरले. अशोक लेलँडने २०१० पासून ऑप्टेअरमध्ये भांडवल गुंतवले, २०१२ मध्ये ती ताब्यात घेतली आणि २०२० मध्ये तिला ‘स्विच मोबिलिटी’ हे नाव मिळाले. लँकशायरमधील मूळ लेलँडचा बसव्यवसाय तोवर इतिहासजमा झाला होता. जे नाव इंग्लंडमधून भारतात आले होते, त्याच्या भारतीय वारसाने इंग्लंडमधील एका नातेवाइकाला आपलेसे केले.

२३/
१८ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबईत केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते याच स्विच कंपनीच्या ‘ईआयव्ही २२’ या विजेवरील, वातानुकूलित डबल डेकरचे अनावरण झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती बेस्टच्या सेवेत आली. बॅटरीची क्षमता २३१ किलोवॅट-तास, सुमारे ६५ आसने, पुढे व मागे रुंद दरवाजे, दोन जिने, ॲल्युमिनियमचे हलके अंग. एकमजलीच्या जवळपास दुप्पट प्रवासी, पण रिकाम्या गाडीचे वजन केवळ १८ टक्के अधिक, असा कंपनीचा दावा.

२४/
ही गाडी ‘अर्ध-सखल’ तळाची म्हणवते. भारतातील शहर बसच्या २००८ मधील मानकांत तळाच्या तीन उंची धरल्या गेल्या: ४०० मिलिमीटर म्हणजे सखल, ६५० म्हणजे अर्ध-सखल आणि ९०० म्हणजे उंच. ४०० चा तळ सर्वांत मायाळू. पण गतिरोधक, खड्डे आणि तुंबलेले पाणी यांच्याशी त्याचे पटत नाही. मुंबईचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ६५० हा आकडा म्हणजे इच्छा आणि रस्ता यांच्यातील तडजोड का, हे सांगावे लागणार नाही.

२५/
वीज आल्याने तळाला काय लाभले? इंजिन गेले. क्लच गेला. विद्युत मोटर थांबलेल्या स्थितीतूनच पूर्ण जोर देऊ शकते, म्हणून पाच-सहा गिअर असलेल्या पेटीची सहसा गरज उरत नाही. मोटर मागच्या आसाजवळ किंवा थेट चाकाशी बसवता येते, म्हणजे गाडीच्या लांबीभर फिरणारा शाफ्टही नको. लोडेक्काच्या अभियंत्यांनी ज्याला बाजूला सारले, त्याला वीज घराबाहेरच काढते. उरते ती बॅटरी: जड, आणि म्हणून कोठे ठेवावी याचा नवा पेच. ती छपरावर ठेवली तर २८ अंशांची जुनी भीती परत येते. तळाखाली ठेवली तर पायरी वर सरकते.

२६/
आता पुन्हा गडेगाव. चाळीसहून अधिक वर्षे या परिसराच्या घरांत गिअरबॉक्सच्या कामाचा पैसा आला आहे. आयटीआयमधून फिटर किंवा टर्नर होऊन निघालेल्या मुलाला दात कापलेल्या चक्राची घासट बोटाने ओळखता येते. हे ज्ञान पितळेच्या भांड्याचा घाट नजरेने तपासणाऱ्या जुन्या कारागिराच्या ज्ञानाहून हीन नाही. आणि मुंबईतील म्हातारीसाठी पायरी खाली यावी म्हणून जे दूर करावे लागते, ते याच बोटांनी घडवलेले असते.

२७/
येथे घाईने निष्कर्ष काढू नये. ट्रक उद्याच्या उद्या विजेवर जाणार नाहीत. मालवाहू गाड्यांना गिअरबॉक्स अजून लागतो, लांब पल्ल्याच्या बसलाही लागतो. विद्युत वाहनांनाही गती कमी-जास्त करणारी दातेरी चक्रे लागतातच, फक्त ती निराळ्या घडणीची आणि संख्येने थोडी. पण दिशा दिसते आहे. पितळेच्या भांड्यांना स्टीलने बाजारातून कसे मागे रेटले, हे भंडाऱ्याने एकदा पाहिलेले आहे. एखादे कसब नालायक ठरल्यामुळे नव्हे, तर लोकांचे सोय मोजण्याचे माप बदलल्यामुळे मागे पडते, हा धडा येथे नवा नाही.

२८/
लीड्सचा दाखला धीरही देतो आणि सावधही करतो. १९८४ मध्ये कारखाना बंद झाल्यावर त्या हातांनी ऑप्टेअर उभी केली, हे खरे. परंतु स्विचने मार्च २०२५ मध्ये इंग्लंडमधील आपले उत्पादन थांबवण्याचा प्रस्ताव मांडला आणि कामगारांशी सल्लामसलत सुरू केली, हेही तितकेच खरे. सखल तळाची, विजेवरची, भविष्यातील म्हणून गौरवलेली बस बनवणाऱ्यांचेही भविष्य सुरक्षित नसते. तंत्र पुढे गेले म्हणजे ते घडवणारा आपोआप पुढे जातो, असा नियम इतिहासात सापडत नाही.

२९/
मग काय हवे? म्हातारीची पायरी आणि गडेगावचा फिटर यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे हा सर्वांत आळशी मार्ग. पायरी खाली यायलाच हवी. त्याला ९० वर्षे आधीच लागली आहेत. प्रश्न एवढाच की तिच्या उतरण्याचा खर्च कोणी सोसायचा. १९२७ मध्ये तो खालच्या प्रवाशाच्या डोक्याने सोसला. १९६६ नंतर ब्रिटनमधील वाहकाच्या नोकरीने सोसला. या खेपेला तो एखाद्या जिल्ह्याच्या वाट्याला गुपचूप येऊ नये, म्हणून आयटीआयच्या अभ्यासक्रमात मोटर, बॅटरी आणि नव्या आसांचे काम वेळेत यावे लागेल. पेटी बंद झाल्यावर नव्हे, त्याआधी.

३०/
आणि एक उणीव. मुंबईला अर्ध-सखल डबल डेकर मिळाली. गावोगावच्या स्थानकांवर मात्र पायरी अजून उंचच आहे. ग्रामीण रस्त्यांना ४०० मिलिमीटरचा तळ सोसवणार नाही, हे मान्य. पण तळ उंच असला तरी फलाट उंच करता येतो, हे रेल्वेने दीड शतकापूर्वी दाखवून दिले आहे. जेथे गाडी खाली येऊ शकत नाही, तेथे जमीन वर येऊ शकते. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. विटा, सिमेंट आणि गाडी नेमकी फलाटाला लावणारा चालक लागतो.

३१/
या धाग्याच्या वाचकांसाठी एक छोटे काम. पुढच्या वेळी स्थानकावर जाताना खिशात मोजपट्टी ठेवावी. जमिनीपासून बसच्या पहिल्या पायरीपर्यंतचे आणि तेथून तळापर्यंतचे अंतर मोजावे, गावाचे नाव आणि तारीख लिहून खाली नोंदवावे. किल्ल्यांच्या तटांची उंची मोजणारे पुष्कळ आहेत. आजच्या माणसाला रोज चढावी लागणारी उंचीही कोणीतरी मोजून ठेवली पाहिजे. पुढच्या पिढीतील विद्यार्थ्याला तेवढा तरी दस्तऐवज मिळेल.

३२/
आणि मोजताना शेजारी कोणी पिशवी वर ठेवून, गुडघ्यावर हात टेकून थांबलेले दिसले, तर मोजपट्टी खिशात घालावी. आधी हात द्यावा. आकडा नंतर लिहिता येतो.